औषधं आणि सप्लिमेंटची तस्करी: देशादेशांमधलं सहकार्य कुठे चालतं, कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटरपोलच्या मोहिमेत कोट्यवधी गोळ्या पकडल्याच्या बातम्या येतात, नव्वदेक देश त्यात असतात, तरीही बनावट औषधं आणि भेसळीची सप्लिमेंट पार्सलने घरपोच मिळतात. मग हे सहकार्य नुसता देखावा आहे का, आणि ते नेमकं कुठे अडतं?

देखावा म्हणणार नाही. पण बातमीत जे दिसतं तो या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. माल पकडणं जमतं. पकडलेल्या मालाचा माग काढत दुसऱ्या देशातल्या माणसापर्यंत पोचायचं आणि तिथल्या कोर्टात टिकेल असा पुरावा त्या देशाच्या हातात द्यायचा, हे अवघड. माझी बरीचशी नोकरी या दुसऱ्या भागात गेली, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो.

आधी त्या मोहिमेबद्दल. तिचं नाव ‘पॅन्जिया’. २००८ साली मोजक्या देशांनी ती सुरू केली. २०२१ च्या फेरीत ९२ देश होते, आठवडाभरात ऑनलाइन औषधविक्रीच्या १,१३,००० हून अधिक लिंक बंद झाल्या आणि २७७ जणांना अटक झाली. २०२५ मध्ये निकाल जाहीर झालेल्या फेरीत ९० देश, ७६९ अटका, पाच कोटींवर मात्रा आणि सुमारे ६.५ कोटी डॉलरचा माल. आकडे खरे आहेत, पण त्यावरून तस्करी किती आहे हे कळत नाही. त्या काळात किती हात कामाला लागले एवढंच कळतं. लिंक बंद झाली की तेच दुकान नव्या डोमेनवर उभं राहतं, त्याला फार तर एक संध्याकाळ लागते. मला विचाराल तर पॅन्जियाचा मोठा फायदा वेगळाच आहे. त्या दिवसांत प्रत्येक देशातल्या कस्टम, टपालखातं, औषध नियंत्रक आणि पोलीस यांना एका टेबलाशी बसावं लागतं. एरवी कित्येक ठिकाणी या चौघांची एकमेकांशी तोंडओळखही नसते. तेव्हा जुळलेली ओळख नंतर वर्षभर पुरते.

खरं सहकार्य कसं असतं ते बघायचं असेल तर मेकाँग खोऱ्यातलं आर्टेसुनेटचं प्रकरण बघावं. आर्टेसुनेट हे मलेरियावरचं औषध. या शतकाच्या सुरुवातीला व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस, म्यानमार या पट्ट्यात त्याच्या बनावट गोळ्यांचा सुळसुळाट झाला होता. खऱ्या कंपनीचा होलोग्रामसुद्धा नकली, तोही एकाच धाटणीचा नाही, अनेक प्रकारचा. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं तिथलं कार्यालय, इंटरपोल आणि काही संशोधक एकत्र आले आणि ‘ज्युपिटर’ नावाने तपास सुरू झाला. ३९१ नमुने तपासले. जवळपास निम्म्या नमुन्यांत आर्टेसुनेट एक तर नव्हतंच किंवा अगदी नावापुरतं होतं. हे ‘नावापुरतं’ जास्त घातक, कारण झटपट रंगचाचणीत अशी गोळी पास होऊ शकते, रोगी बरा होत नाही आणि उरलेला परजीवी औषधाला सरावतो.

इथपर्यंत काय हाती आलं? गोळ्या बनावट आहेत, एवढंच. एवढ्यावर कुठल्याही देशाचं दार ठोठावता येत नाही. पुढचा देश शांतपणे विचारतो, ‘आमच्याकडेच बनल्या हे कशावरून?’ त्याचं उत्तर गोळीतच सापडलं. एका गटातल्या गोळ्यांत कॅल्साइट या खनिजाचा एक विशिष्ट प्रकार मिळाला, सोबत परागकण मिळाले, आणि दोन्हींचा रोख दक्षिण चीनकडे होता. कारखान्यात गोळी दाबली जाताना आसपासच्या हवेतले परागकण तिच्यात अडकतात; बनावट माल काढणारा कितीही हुशार असला तरी हे त्याच्या डोक्यात येत नाही. हा पुरावा चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाला दिला गेला, त्यांनी स्वतः तपास केला आणि २००६ मध्ये युनान प्रांतात अटका झाल्या. आरोपानुसार २,४०,००० पाकिटांचा व्यवहार झाला होता. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा हाती लागला. बाकीचा रुग्णांच्या पोटात गेला असणार.

मी हे प्रकरण नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो, त्याला कारण आहे. तिथे कोणी कोणावर दोषारोप करत बसलं नाही. ज्या देशाने कारवाई करायची, त्याला त्याच्या स्वतःच्या कायद्यात वापरता येईल अशी वस्तू दिली गेली. तुमच्याकडून विनंती जाते तेव्हा समोरचा अधिकारी मनात एकच हिशोब करतो: हे कागद घेऊन मी माझ्या वरिष्ठाकडे गेलो तर तो सही करील का? तुमची फाइल कितीही जाड असो, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती टेबलावरच राहते.

आता सप्लिमेंटकडे येऊ. खरी गुंतागुंत इथे आहे.

कस्टममध्ये प्रत्येक मालाला हार्मोनाइज्ड सिस्टीम या जागतिक वर्गवारीचा कोड लागतो. मात्रेत बांधलेली औषधं ३००४ खाली येतात, आणि बहुतेक सप्लिमेंट २१०६ खाली, म्हणजे ‘इतरत्र न नोंदलेले खाद्यपदार्थ’. पहिल्या कोडवर परवाना, औषध नियंत्रकाचं ना-हरकत पत्र, सगळं विचारलं जातं. दुसऱ्यावर अनेक देशांत फारसं कोणी थांबवत नाही. त्यामुळे तस्कराला माल लपवायची गरजच पडत नाही. तो उघडपणे आणतो, कागदोपत्री रीतसर, फक्त कॅप्सूलमध्ये काय आहे ते लिहीत नाही. वजन घटवण्याच्या ‘हर्बल’ कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन असतं, जे हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या बाजारातून काढलं गेलं. ‘नैसर्गिक शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रामधलं औषध. व्यायाम करणाऱ्यांच्या डब्यात स्टिरॉइड. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियंत्रकाने, २००७ ते २०१६ या काळात अशी औषध मिसळलेली ७७६ उत्पादनं नोंदवली. त्यातली ३५३ लैंगिक शक्तीसाठीची, ३१७ वजन कमी करण्याची आणि ९२ स्नायू वाढवण्याची. मागणी कुठे आहे हे यावरून कळतं: ज्या गोष्टी डॉक्टरला विचारायची लाज वाटते, तिथे.

या मालावर देशांनी मिळून कारवाई करायची तर पहिली अडचण अशी की तो गुन्हा कोणता, यावरच एकमत नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंटला बाजारात येण्याआधी मंजुरी लागत नाही. युरोपीय संघात २००२ चा निर्देश आहे, पण तो मुख्यतः जीवनसत्त्वं आणि खनिजांपुरता. बाकी घटकांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. झोपेसाठी घेतलं जाणारं मेलाटोनिन घ्या. अमेरिकेत ते किराणा दुकानाच्या फळीवर मिळतं, ब्रिटनमध्ये डॉक्टरची चिठ्ठी लागते. तीच बाटली विमानात बसताना सप्लिमेंट असते आणि उतरताना औषध होते. परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारांत बहुधा अट असते की कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असायला हवं. एका बाजूला तो औषध कायद्याखालचा गुन्हा आणि दुसऱ्या बाजूला लेबलची चूक म्हणून दंड, असं असेल तर विनंती पहिल्याच पानावर अडते.

यात आणखी एक पेच आहे, ज्याकडे कायदे करणाऱ्यांचंही लक्ष नसतं. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार, म्हणजे २००० सालचा पालेर्मो करार, ‘गंभीर गुन्ह्या’ला लागू होतो. गंभीर म्हणजे ज्याला जास्तीत जास्त शिक्षा निदान चार वर्षं कैद आहे तो. अन्न कायद्याखाली दंड आणि सहा महिने एवढीच तरतूद असेल तर प्रत्यार्पण, संयुक्त तपास पथक, मालमत्ता गोठवणं, ही या करारातली सगळी हत्यारं तुमच्यासाठी बंद. म्हणून मला कोणी विचारलं की एकच कायदा बदलायचा तर कोणता, तर मी सांगतो: सप्लिमेंटमध्ये जाणूनबुजून औषध मिसळून विकण्याला चार वर्षांची शिक्षा करा. नवीन आंतरराष्ट्रीय संस्था काढण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

युरोप परिषदेचा मेडिक्राइम करार खास वैद्यकीय उत्पादनांसाठी आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मॉस्कोत तो सहीसाठी खुला झाला, १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे आणि युरोपाबाहेरच्यांनाही खुला आहे. गिनी, बुर्किना फासो, बेनिन हे त्यात आहेत. करार चांगला आहे, कागदपत्रांचं खोटेकरणही त्यात गुन्हा आहे. पण अन्नपदार्थ त्याच्या कक्षेबाहेर. सप्लिमेंटचं प्रकरण त्यात बसवायचं तर आधी प्रयोगशाळेकडून ‘हे औषधच आहे’ असं लिहून घ्यावं लागतं.

आणि प्रयोगशाळा. विमानतळावर हातात धरायचं रामन यंत्र असतं, प्रकाश टाकून पदार्थ ओळखणारं; लोक त्याला जादूची कांडी समजतात. शुद्ध पावडरीवर ते छान चालतं. वनस्पतीच्या चुऱ्यात थोडंसं सिब्युट्रामिन मिसळलेलं असेल तर मात्र वनस्पतीच्याच प्रकाशाने पडदा भरून जातो आणि यंत्र काहीच सांगत नाही. कॅप्सूल उघडून, ढवळून, पुन्हा लावलं तरी तेच. मग नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो. तिथेही तंत्रज्ञ ज्याचा प्रमाणित संदर्भ नमुना त्याच्याकडे आहे, तेच खात्रीने ओळखू शकतो. हे माहीत असल्यामुळे माल बनवणारे सिल्डेनाफिलच्या रेणूत जरासा बदल करतात. अहवाल येतो: ‘सिल्डेनाफिल आढळले नाही’. अहवाल खोटा नसतो, पण माल सुटतो. दुसऱ्या कुठल्यातरी प्रयोगशाळेने तोच बदललेला रेणू आधी ओळखलेला असतो, फक्त त्याचा वर्णपट, म्हणजे रेणू ओळखायचा आलेख, इकडे पोचलेला नसतो. प्रयोगशाळांनी एकमेकांना वर्णपट आणि संदर्भ नमुने द्यावेत, यावर बातमी होत नाही, पण माझ्या मते दहा छाप्यांपेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

डीएनपी नावाचा पिवळा पदार्थ तर औषध कायद्यातही नीट बसत नाही आणि अन्न कायद्यातही. डायनायट्रोफिनॉल, मूळचं औद्योगिक रसायन. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन घटवायला वापरलं गेलं, लोक मेले, आंधळे झाले, आणि १९३८ मध्ये बंद झालं. इंटरनेटवर ते पुन्हा आलं. ब्रिटनमध्ये मृत्यू झाल्यावर २०१५ मध्ये इंटरपोलने १९० देशांना नारिंगी नोटीस, म्हणजे धोक्याचा इशारा, पाठवली. विक्रेता पाकिटावर ‘मानवी सेवनासाठी नाही’ असं छापतो आणि माल रसायन म्हणून पाठवतो. ब्रिटनने त्याला विषांच्या कायद्याखाली आणलं ते २०२३ मध्ये. इशारा एका दिवसात जगभर जातो आणि कायदा यायला आठ वर्षं लागतात, हे अंतर या क्षेत्रात सगळीकडे दिसेल.

औषधांच्या बाजूला माहितीची देवाणघेवाण तुलनेने बरी चालते, त्याचं श्रेय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ पासूनच्या देखरेख व्यवस्थेला द्यायला हवं. ठरावीक नमुन्यातला अर्ज, बॅच नंबर, फोटो, बस्स. ती कशी उपयोगी पडते याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे सेमाग्लुटाइड, मधुमेहावरचं आणि वजन घटवायलाही वापरलं जाणारं इंजेक्शन. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्राझील आणि ब्रिटनमध्ये, डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याची बनावट इंजेक्शन-पेनं सापडली आणि जून २०२४ मध्ये तीन बॅचबद्दल जागतिक इशारा निघाला. तिन्हींची तऱ्हा वेगळी. एका बॅचचा नंबर कंपनीच्या दप्तरीच नव्हता. दुसऱ्यात बॅच आणि अनुक्रमांक यांची जोडी जुळत नव्हती. तिसऱ्याचा बॅच नंबर अस्सल, आतला माल खोटा. एकट्या देशाने आपल्या यादीत नंबर शोधला असता तर तिसरा पेन खरा म्हणून सुटला असता.

कागदांवर किती विश्वास ठेवायचा, याचं मात्र पनामाइतकं विदारक उदाहरण नाही. तो माल लपूनछपून आलाच नव्हता. २००६ मध्ये तिथे सरकारी प्रयोगशाळेत बनलेल्या खोकल्याच्या औषधाने शंभराहून अधिक माणसं दगावली. ग्लिसरीन म्हणून आलेल्या ४६ पिंपांत विषारी डायएथिलीन ग्लायकॉल होतं. माल चीनमधल्या छोट्या कारखान्यातून बीजिंगच्या व्यापारी कंपनीकडे, तिथून बार्सिलोनाला, तिथून पनामाला गेला. सोबतचं शुद्धतेचं प्रमाणपत्र वाटेत नव्याने लिहिलं गेलं आणि मूळ उत्पादकाचं नाव त्यावरून गायब झालं. तीन देशांत एकानेही पिंप उघडून तपासलं नाही, कारण प्रत्येकाकडे आधीच्याचा कागद होता. २०२२ मध्ये गांबियात मुलांच्या सिरपमध्ये तोच पदार्थ निघाला आणि पुन्हा जागतिक इशारा द्यावा लागला. तेव्हापासून कोणी मला ‘प्रमाणपत्र जोडलं आहे’ म्हणालं की मी आधी बघतो, ते कोणी दिलं आणि माल बनवला कोणी. ही दोन नावं वेगळी असतील तर चौकशी तिथूनच सुरू करावी.

विकसनशील देश या सगळ्यात कधीकधी हात आखडता घेतात. त्यामागे कारण आहे, ते डावलून चालत नाही. डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाची खेप नेदरलँड्समध्ये अडवली गेली. औषध अस्सल होतं, दोन्ही टोकांना कायदेशीर होतं, पण वाटेतल्या देशात त्यावर पेटंट होतं. मे २०१० मध्ये भारत आणि ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेले. त्यानंतर कित्येक वर्षं, बनावट औषधांविरुद्धच्या कुठल्याही प्रस्तावाकडे ‘हा स्वस्त जेनेरिक रोखायचा डाव आहे का’ या नजरेने बघितलं जायचं. मी त्या संशयाला चूक म्हणणार नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने बौद्धिक संपदेचा विषय बनावट औषधांच्या व्याख्यांमधून बाजूला काढला, मेडिक्राइमनेही तो मुद्दाम दूर ठेवला, तेव्हा कुठे बोलणी सुरळीत झाली. आजही संयुक्त मोहिमेच्या यादीत ट्रेडमार्कच्या तक्रारी आणि विषारी गोळ्या एकत्र घातल्या की हा जुना संशय जागा होतो. निदान तपासाच्या कागदांत तरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

ट्रामाडॉल या वेदनाशामकाबद्दल थोडंच. २०१७ मध्ये इटलीतल्या जिनोआ बंदरात तीन कंटेनरमध्ये ३.७ कोटींच्या आसपास गोळ्या सापडल्या, कागदावर ब्लँकेट आणि शाम्पू. माल भारतातून निघालेला, लिबियाकडे चाललेला. ट्रामाडॉल आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थांच्या यादीत नाही, कारण गरीब देशांत तीव्र वेदनेवर बऱ्याचदा तेच एक परवडणारं औषध असतं. भारताने २०१८ मध्ये त्यावर स्वतः निर्बंध घातले. मग पश्चिम आफ्रिकेत टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारं औषध यांची जोडगोळी दिसू लागली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचीही निर्यात भारताने थांबवली. पुढची जोडी कोणती असेल हे आधी कळवायचं काम निर्यातदार देशाच्या परवाना कार्यालयाला जमू शकतं, कारण अर्ज तिथेच येतात.

आता तुम्ही विचारलेल्या पार्सलकडे. बनावट औषधांच्या जप्त्यांपैकी, २०१४ ते २०१६ च्या आकड्यांनुसार, ९६ टक्के टपाल आणि कुरियरमधल्या होत्या. खोकी एका पार्सलमध्ये सपाट घडी करून येतात, गोळ्यांच्या पट्ट्या दुसऱ्यात, माहितीपत्रकं तिसऱ्यात. वेगवेगळी पकडली तर कशावरच गुन्हा धड उभा राहत नाही. वर ‘भेटवस्तू’ किंवा ‘हेल्थ प्रॉडक्ट’ लिहिलेलं. बहुतेक ठिकाणी असं पार्सल परत पाठवतात किंवा नष्ट करतात आणि फाइल बंद. मला हे अजिबात पटत नाही. परत पाठवलेलं पार्सल आठवड्याभराने दुसऱ्या पत्त्यावर येतं, आणि नष्ट केलेल्याबरोबर पुरावाही जातो. नष्ट करायचंच असेल तर आधी काही पट्ट्या सीलबंद ठेवा, पंचनामा करा, लेबलचे चारी बाजूंनी फोटो काढा आणि जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुरक्षित यंत्रणेवर टाका. तोच पाठवणारा, तेच हस्ताक्षर, तीच चिकटपट्टी दुसऱ्या देशात कोणाला तरी दिसलेली असते.

विनंती पाठवताना दोन वाटा असतात आणि त्यांचा क्रम चुकवू नये. कस्टम ते कस्टम प्रशासकीय मदतीची वाट जलद असते, काही दिवसांत उत्तर येतं, पण ते उत्तर सहसा कोर्टात वापरता येत नाही. न्यायिक मदतीची वाट महिनोन्‌महिने घेते, पण तिथून आलेला कागद पुरावा ठरतो. शहाणा तपासी अधिकारी पहिल्या वाटेने नेमकं काय मागायचं ते शोधून घेतो आणि दुसरीने तेवढंच मागतो: अमुक तारखेचं अमुक बँक खात्याचं विवरण, अमुक डोमेनच्या नोंदणीचे तपशील. ‘सदर कंपनीविषयी सर्व माहिती पुरवावी’ असं लिहिलेली विनंती कुठल्याच देशात कोणी उघडून वाचत नाही. आणि सर्व्हरच्या नोंदी जपून ठेवायची विनंती पहिल्याच दिवशी, वेगळी पाठवा. न्यायिक परवानगी येईपर्यंत त्या पुसल्या गेलेल्या असतात.

तुमच्यापैकी कोणाला असं पार्सल आलंच, किंवा गोळी घेऊन त्रास झाला, तर उरलेल्या गोळ्या आणि पाकीट फेकू नका, औषध नियंत्रकाकडे द्या. बाहेरचं टपालाचं लेबलही ठेवा. पाठवणाऱ्याचं नाव खोटं असणारच, पण नोंदणीकृत पार्सलच्या बारकोडखाली तेरा अक्षर-अंक असतात: आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी दोन अक्षरं. शेवटची दोन अक्षरं ज्या देशाच्या टपालखात्याने तो नंबर दिला त्याची असतात, आणि तिथल्या कार्यालयाला ते पार्सल कोणत्या काउंटरवर, किती वाजता, आणखी किती पार्सलांसोबत आलं हे बहुधा सांगता येतं.